विंडोज १० चा सपोर्ट संपला. पोटापाण्याचा कॉम्प्युटर आता विंडोज ११ वर न्यायचा, मॅकवर की लिनक्सवर?

लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणारा डीटीपी सेंटरवाला, जीएसटीचे रिटर्न भरणारा कर सल्लागार, घरांचे नकाशे काढणारा आर्किटेक्ट आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा तरुण. चौघांचे धंदे वेगळे. पण चौघांपैकी कोणाचाही कॉम्प्युटर सात-आठ वर्षं जुना असेल, तर त्याच्यासमोर सध्या एकच प्रश्न आहे. विंडोज १० चा सपोर्ट संपला, आता काय करायचं?

कॉम्प्युटर तर व्यवस्थित सुरू आहे. काम अडलेलं नाही. मग बदलायचा कशाला, असं एक मन म्हणतं. दुसरीकडे सोशल मीडियावर सल्ल्यांचा पाऊस पडतोय. कोणी म्हणतं, सरळ मॅक घ्या आणि निवांत व्हा. कोणी म्हणतं, लिनक्स टाका, एक रुपया खर्च नाही. कोणी म्हणतं, काही होत नाही, आहे तसं चालू द्या.

या तिन्ही सल्ल्यांत एक गोष्ट राहून जाते. घरी सिनेमे बघायचा कॉम्प्युटर आणि ज्यावर महिन्याची कमाई अवलंबून आहे तो कॉम्प्युटर, यांचा हिशोब एक नसतो. कामाच्या कॉम्प्युटरवर विंडोज चांगलं की मॅक, हा वाद दुय्यम ठरतो. काम कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलंय, हे आधी बघावं लागतं.

नेमकं झालं काय?

विंडोज १० बाजारात आलं २९ जुलै २०१५ रोजी. दहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याचा मोफत सपोर्ट थांबवला.

त्याच्या पुढचं विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्येच आलं होतं आणि विंडोज १० वाल्यांना ते फुकट मिळतं. अडचण आहे ती हार्डवेअरच्या अटींची. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा यंत्रणा लागते, सिक्युअर बूट लागतं आणि प्रोसेसरही मायक्रोसॉफ्टच्या यादीतला लागतो. ही यादी ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून सुरू होते. हे प्रोसेसर आले २०१७-१८ च्या सुमारास.

म्हणजे २०१६ मध्ये चांगले पैसे मोजून घेतलेला कोअर आय-सेव्हन कॉम्प्युटर आजही झपाट्याने चालत असेल, तरी तो या यादीत बसत नाही. यंत्र धडधाकट आहे, पण अटीत नापास.

सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडतो का?

नाही. विंडोज १० सुरू राहतं, फाइल उघडतात, प्रिंट निघते. थांबतात ते सुरक्षा अपडेट. सिस्टिममध्ये नवी पळवाट सापडली तर ती बुजवणारी दुरुस्ती येत नाही.

याने काय बिघडतं, हे महाराष्ट्राने जून २०१७ मध्ये पाहिलंय. तेव्हा नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. सुरुवात झाली युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथून तो जहाज वाहतुकीतल्या मर्स्क या बड्या कंपनीच्या यंत्रणेत शिरला आणि तिच्या समूहाकडून चालवलं जाणारं नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल त्यामुळे ठप्प झालं. या व्हायरसने पसरण्यासाठी ज्या वाटा वापरल्या, त्यातली एक वाट बंद करणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलं होतं. दुरुस्ती उपलब्ध असूनही ती न टाकलेली यंत्रं जगभर होती. सपोर्ट संपल्यावर तर ती दुरुस्ती येतच नाही.

एकट्या व्यावसायिकाला बंदराएवढा धोका नसतो हे खरं. पण त्याच्याकडे आयटी विभागही नसतो. कर सल्लागाराच्या कॉम्प्युटरवर शेकडो ग्राहकांचे पॅन, बँक खाती आणि पासवर्ड असतात. तिथे नुकसान फक्त त्याचं होत नाही.

हातात वेळ किती आहे?

मायक्रोसॉफ्टने वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत जाहीर केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यासाठी तीन मार्ग ठेवले. मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला तर फुकट, मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट खर्च केले तरी चालतं, नाहीतर ३० डॉलर किंवा तेवढे स्थानिक पैसे.

कंपन्यांसाठी दर वेगळा आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक कॉम्प्युटरमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं.

या मुदतीत नव्या सुविधा मिळत नाहीत, फक्त महत्त्वाच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. पण घाईघाईत चुकीचा निर्णय घेण्यापेक्षा ही मुदत वापरणं केव्हाही शहाणपणाचं. तिचा उपयोग विचार पुढे ढकलण्यासाठी न करता तयारीसाठी करायला हवा.

पर्याय पहिला : विंडोज ११

सगळ्यात कमी उलथापालथ इथे होते. जुनी सॉफ्टवेअर बहुतेक तशीच चालतात, हाताची सवय मोडत नाही.

नवा कॉम्प्युटर घेण्याआधी एक गोष्ट तपासावी. बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये टीपीएम असतं, पण बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे मोफत अ‍ॅप चालवलं की अडचण प्रोसेसरची आहे की नुसत्या सेटिंगची, ते कळतं. सेटिंगची असेल तर खर्च शून्य. मात्र बायोसला हात लावण्याआधी सगळ्या फाइलचा बॅकअप हवा आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की लिहून ठेवलेली हवी. नाहीतर कुलूप लागतं आणि किल्ली सापडत नाही.

अटींना बगल देऊन जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकायच्या युक्त्या इंटरनेटवर भरपूर आहेत. त्या चालतातही. पण अशा कॉम्प्युटरला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. सुरक्षा अपडेटसाठीच सगळा खटाटोप चाललाय आणि त्याचीच हमी नाही, तर कामाच्या यंत्रावर ही युक्ती कशाला?

पर्याय दुसरा : मॅक

अ‍ॅपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःची एम-१ चिप आणली आणि मॅकचं चित्र बदललं. कमी वीज, कमी उष्णता आणि व्हिडिओच्या कामात जोरदार वेग. २०२४ मध्ये आलेल्या एम-४ मॅक मिनीची भारतातली सुरुवातीची किंमत ५९,९०० रुपये होती. मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस वेगळा. मॅक म्हणजे लाखाच्या पुढेच, हा समज त्यामुळे बराच मागे पडला.

पण याच चिपमुळे एक जुना दरवाजा बंद झाला. इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प वापरून पूर्ण विंडोज टाकता यायचं. नव्या मॅकवर ते येत नाही. पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज चालतं, मात्र ते एआरएम चिपसाठीचं विंडोज असतं. साधी सॉफ्टवेअर त्यात चालून जातात. जिथे खास ड्रायव्हर लागतो, म्हणजे सॉफ्टवेअरचा यूएसबी डोंगल, डिजिटल सहीचं टोकन, जुना प्लॉटर, तिथे गाडी अडू शकते.

शिवाय मॅकवर गेलं की कायमची चिंता मिटली, असंही नाही. इंटेल मॅकवर चालणारी शेवटची सिस्टिम मॅकओएस टाहो असेल, हे अ‍ॅपलने जून २०२५ मध्ये जाहीर केलं. २०१९ मध्ये महागडा इंटेल मॅक घेतलेल्यांनाही मुदतीची तारीख चुकलेली नाही.

व्हिडिओ एडिटर मंडळींना तर जून २०११ विसरता येणार नाही. अ‍ॅपलने तेव्हा फायनल कट प्रोची पूर्ण नवी आवृत्ती आणली. तिच्यात जुन्या आवृत्तीचे प्रोजेक्ट उघडतच नव्हते, मल्टिकॅमसारख्या नेहमीच्या सोयीही सुरुवातीला नव्हत्या. सोयी पुढे आल्या. पण तोवर अनेक एडिटर अ‍ॅडोबी प्रीमियरकडे वळले होते. सिस्टिम तीच, कंपनी तीच, तरीही कामाची साधनं पायाखालून सरकली.

पर्याय तिसरा : लिनक्स

उबंटू किंवा लिनक्स मिंट फुकट मिळतं, जुन्या यंत्रावर हलकं चालतं आणि टीपीएमची अट घालत नाही. पेन ड्राइव्हवरून ते कॉम्प्युटरवर न टाकताही चालवून बघता येतं. प्रिंटर चालतो का, वाय-फाय चालतं का, हे अर्ध्या तासात कळतं. उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं मोफत सुरक्षा अपडेट मिळतात. म्हणजे इथेही तारीख असते, पण पुढची आवृत्ती फुकटच असते.

ब्राउझर, ईमेल, लिब्रेऑफिसमध्ये पत्रं आणि हिशोब, प्रोग्रामिंग, ब्लेंडरमधलं थ्रीडी काम हे सगळं लिनक्सवर छान होतं. मात्र फोटोशॉप, प्रीमियर, ऑटोकॅड, कोरलड्रॉ यांच्या सध्याच्या आवृत्त्या लिनक्ससाठी मिळत नाहीत. वाइन या साधनाने काही विंडोज सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवता येतात. पण आज चाललं ते पुढच्या अपडेटनंतर चालेल याची खात्री नसते. उद्या सकाळी पत्रिका छापायला द्यायची असताना असा प्रयोग परवडत नाही.

मग अडतं नेमकं कुठे?

इथे प्रत्येक धंद्याचं उत्तर वेगळं येतं.

कर सल्लागार आणि अकाउंटंट : टॅली हे मुळात विंडोजसाठीचं सॉफ्टवेअर. जीएसटीचं ऑफलाइन टूल विंडोज आणि एक्सेल गृहीत धरून बनवलेलं. आयकराच्या एक्सेल युटिलिटीत मॅक्रो असतात, ते लिब्रेऑफिसमध्ये धडपणे चालतील असं धरता येत नाही. वर डिजिटल सहीचं टोकन. या मंडळींसाठी विंडोज सोडणं म्हणजे रोज एक नवी अडचण विकत घेणं.

आर्किटेक्ट आणि इंजिनिअर : ऑटोकॅड मॅकवर मिळतं, पण विंडोजवरच्या सगळ्या सोयी त्यात नाहीत. रेव्हिट, सॉलिडवर्क्स आणि थ्रीडीएस मॅक्स विंडोजवरच चालतात. सोबतच्या ऑफिसकडून रेव्हिटच्या फाइल येत असतील, तर प्रश्नच मिटला.

व्हिडिओ आणि फोटोवाले : यांना सर्वात जास्त मोकळीक. अ‍ॅडोबीची सॉफ्टवेअर विंडोज आणि मॅक दोन्हींवर आहेत, दाविंची रिझॉल्व्ह लिनक्सवरही आहे. फक्त फायनल कट हवं असेल तर मॅकशिवाय गत्यंतर नाही.

प्रोग्रामर : तिन्हींवर काम होतं. आयफोनचं अ‍ॅप बनवायचं तर मॅक लागतो, कारण एक्सकोड तिथेच चालतं.

एक्सेलवर जगणारे : एक्सेल मॅकवर आहे, पण पॉवर पिव्हट त्यात नाही. अ‍ॅक्सेस तर मॅकसाठी कधी आलंच नाही. लहान कारखान्यांत वर्षानुवर्षं अ‍ॅक्सेसवर चालणारे स्टॉकचे हिशोब आहेत, त्यांनी हे आधी तपासावं.

ब्राउझरमध्ये काम करणारे : ज्यांचं बिलिंग, ईमेल, पत्रव्यवहार सगळं वेबसाइटवर होतं, त्यांना कोणतीही सिस्टिम चालते. त्यांच्यासाठी लिनक्स टाकलेला जुना कॉम्प्युटर हा सर्वात स्वस्त मार्ग.

मराठी डीटीपीची गोष्ट जरा वेगळी

महाराष्ट्रात छपाईच्या कामाचं एक खास दुखणं आहे आणि ते सिस्टिमपेक्षा फॉन्टमध्ये आहे.

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, पुण्यातच मुख्यालय असलेल्या सी-डॅकचं आयएसएम यांसारख्या साधनांवर मराठी छपाईच्या दोन पिढ्या उभ्या राहिल्या. युनिकोड रुळण्याआधीच्या काळात या साधनांनीच मराठी अक्षर कॉम्प्युटरवर आणलं. पण त्या वेळच्या फॉन्टची पद्धत वेगळी होती. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा आकार बसवलेला असायचा. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली की पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते.

त्यात पेजमेकर. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. तरीही पुस्तकं, दिवाळी अंक, स्मरणिका यांच्या कितीतरी जुन्या फाइल आजही त्याच स्वरूपात पडून आहेत.

अशा डीटीपीवाल्याने भारीतला मॅक घेतला तरी प्रश्न सुटत नाही. कोरलड्रॉ २०१९ पासून मॅकवर पुन्हा मिळू लागलं, म्हणजे सीडीआर फाइल उघडेलही. पण आतला जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्या जागी तसाच येईल का, हा खरा प्रश्न. आणि विंडोज ११ वर गेला तरी धोका टळत नाही, कारण उद्या जुनं सॉफ्टवेअर किंवा त्याचा डोंगल साथ देईनासा झाला, तर पंधरा-वीस वर्षांचं काम कुलूपबंद होतं.

यावर उपाय एकच : नवीन काम युनिकोडमध्ये सुरू करणं आणि जुन्यापैकी पुन्हा लागणारा मजकूर हळूहळू युनिकोडमध्ये आणणं. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू, आयआयटी मुंबईचा शोभिका असे चांगले युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात आणि तिन्ही सिस्टिमवर सारखे दिसतात. जुन्या टायपिंगची सवय असलेल्या हाताला वेगळा कीबोर्ड सुरुवातीला जड जातो, हे खरं. पण एकदा मजकूर युनिकोडमध्ये आला की तो विंडोजचाही राहत नाही आणि मॅकचाही. तो ज्याचा त्याचा होतो.

म्युनिक फसलं, फ्रान्सचे पोलीस टिकले

सिस्टिम बदलण्याचा प्रयोग मोठमोठ्या सरकारी यंत्रणांनीही केलाय. त्यातली दोन उदाहरणं समोरासमोर ठेवण्यासारखी आहेत.

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये विंडोज सोडायचं ठरवलं. लिमक्स नावाचा प्रकल्प उभा राहिला आणि २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार कॉम्प्युटर लिनक्सवर गेले. जगभर कौतुक झालं. पण २०१७ मध्ये महापालिकेने पुन्हा विंडोजकडे जायचा निर्णय घेतला. काही खात्यांची खास सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत होती, त्यामुळे दोन्ही सिस्टिम सांभाळाव्या लागत होत्या. बाहेरून येणाऱ्या फाइल नीट उघडत नसल्याच्या तक्रारी होत्या. वेगवेगळ्या विभागांच्या आयटीचा मेळ नव्हता आणि वर राजकारणही होतं. लिनक्स वाईट होतं म्हणून हे झालं, असं म्हणणं अर्धवट ठरेल.

दुसरीकडे फ्रान्सचं जांदार्मरी हे पोलीस दल. त्यांनी सिस्टिमला आधी हात लावलाच नाही. २००४-०५ च्या सुमारास विंडोज तसंच ठेवून मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी ओपनऑफिस आणलं. मग ब्राउझर आणि ईमेल बदललं, फायरफॉक्स आणि थंडरबर्ड आलं. लोकांचा हात बसला. त्यानंतर २००८ पासून खालचं विंडोज काढून उबंटू टाकायला सुरुवात केली. कर्मचाऱ्यांसमोर रोजची सॉफ्टवेअर तीच होती. पुढे ७० हजारांहून जास्त कॉम्प्युटर या मार्गाने गेले.

जर्मनीतलंच श्लेस्विग-होल्श्टाइन राज्य आता याच क्रमाने चाललंय. आधी लिब्रेऑफिस, मग ईमेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये ४० हजारांहून जास्त मेलबॉक्स हलवल्याचं त्यांनी जाहीर केलं. लिनक्सचा टप्पा त्यानंतरचा.

एकट्या व्यावसायिकासाठीही हाच क्रम कामाचा आहे. आधी फाइल मोकळ्या करायच्या, मग सॉफ्टवेअर बदलायचं, सिस्टिम सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. नवं यंत्र घरी आणतात आणि मग शोधत बसतात की जुनी फाइल उघडायची कशात.

भारतात कोणी हे केलंय का?

केलंय, आणि रोज नजरेसमोर असूनही फारसं लक्षात येत नाही. देशातल्या जिल्हा न्यायालयांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने उबंटूवर आधारलेली सिस्टिम स्वीकारली. खटल्यांची नोंद ठेवणारं सीआयएस हे सॉफ्टवेअर पुण्याच्या एनआयसीने तयार केलंय. तालुक्याच्या कोर्टात पुढची तारीख कॉम्प्युटरवर चढते ती याच सॉफ्टवेअरमधून.

केरळच्या शाळांमध्येही लिनक्स आहे. तिथल्या काइट या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरसाठी नवी आवृत्ती आणली आणि त्यामुळे परवान्यांचे ३००० कोटी रुपये वाचतील असा दावा केला. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबंटूवर आधारलेल्या माया या सिस्टिमकडे वळायचं ठरवलं.

पण यातलं साम्य बघायला हवं. कोर्टाचं सॉफ्टवेअर कोर्टासाठीच बनवलं गेलं. केरळने शिक्षकांना प्रशिक्षण दिलं आणि धडेही त्याच सॉफ्टवेअरवर बेतले. एकट्या माणसाला सॉफ्टवेअर बनवून घेता येत नाही. ग्राहक जी फाइल पाठवेल ती त्याला उघडावी लागते.

खर्च दुकानातल्या किमतीवर ठरत नाही

लिनक्स फुकट, विंडोज ११ फुकट, मॅक ६० हजार. कागदावर तुलना सोपी दिसते. खरा खर्च मात्र वेगाचा असतो.

समजा, एखादा डीटीपीवाला महिन्याला ६० हजारांचं काम करतो. नव्या सिस्टिमवर पहिल्या महिन्यात त्याचा वेग एक तृतीयांशाने कमी झाला, तर २० हजारांचं काम हातचं गेलं. दुसऱ्या महिन्यात वेग एक षष्ठांशाने कमी राहिला, तर आणखी १० हजार. एकही वस्तू न घेता ३० हजार खर्च झाले. त्यात एखादा नेहमीचा ग्राहक उशीर झाला म्हणून दुसरीकडे गेला, तर त्याचा हिशोब वेगळाच.

त्यावर नव्या सॉफ्टवेअरचे परवाने येतात, प्रिंटर किंवा प्लॉटर चालला नाही तर तोही बदलावा लागतो. २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमच्या किमतीही चढल्या, त्याचा भार नव्या कॉम्प्युटरवर पडतो.

उलट बाजूही मांडायला हवी. ज्याचा व्हिडिओ जुन्या यंत्रावर एक्सपोर्ट व्हायला तीन तास लागतात आणि नव्यावर अर्धा तास लागतो, त्याला महाग यंत्रही काही महिन्यांत परवडतं. म्हणून शेजाऱ्याने काय घेतलं यावरून हा हिशोब ठरत नाही.

सिस्टिम बदलली म्हणजे सुटका झाली का?

जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या भारतीय तेल कंपनीला एक धक्का बसला. कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा असल्याने युरोपीय महासंघाने तिच्यावर निर्बंध घातले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांचे ईमेल आणि टीम्स बंद झालं. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा सुरू झाल्या. पैसे भरलेले असतानाही दरवाजा बंद होऊ शकतो, हे यातून दिसलं.

लहान व्यावसायिकावर निर्बंध येणार नाहीत. पण खातं लॉक होणं, पासवर्ड हरवणं, वर्गणी थकल्यावर फाइल न उघडणं हे त्याच्याही वाट्याला येतं. विंडोज सोडून मॅक घेतला, पण सगळा डेटा एकाच कंपनीच्या क्लाउडमध्ये ठेवला, तर मालक फक्त बदलला. कामाची एक प्रत स्वतःच्या हार्ड डिस्कवर असणं, हे सिस्टिम कोणतीही असली तरी गरजेचं आहे.

निर्णय घ्यायचा कसा?

पहिलं काम यादीचं. महिनाभरात जी सॉफ्टवेअर, जी यंत्रं आणि ज्या प्रकारच्या फाइल वापरात आल्या, त्या कागदावर उतरवाव्यात. टोकन, डोंगल, प्रिंटर, स्कॅनर, सगळं.

दुसरं, प्रत्येकासमोर लिहावं की याला दुसऱ्या सिस्टिमवर पर्याय आहे का. यादीत ज्याला पर्यायच नाही अशी एक जरी वस्तू सापडली आणि कमाई तिच्यावर असेल, तर निर्णय तिथेच झाला. त्या सिस्टिमवर राहायचं.

तिसरं, पर्याय असेल तर तो आहे त्याच कॉम्प्युटरवर महिनाभर वापरून बघावा. लिब्रेऑफिस, थंडरबर्ड, ब्लेंडर, दाविंची रिझॉल्व्ह ही सगळी विंडोजवरही चालतात. हात बसला नाही तर नुकसान काहीच नाही.

चौथं, जुन्या फाइलची एक प्रत सगळीकडे उघडणाऱ्या स्वरूपात ठेवावी. मजकूर युनिकोडमध्ये, पूर्ण झालेलं काम पीडीएफमध्ये, नकाशे डीएक्सएफमध्ये.

पाचवं, बदल हंगाम बघून करावा. डीटीपीवाल्याने लग्नसराईत आणि कर सल्लागाराने रिटर्नच्या तारखांच्या तोंडावर नवी सिस्टिम टाकू नये. नवं यंत्र आलं तरी जुनं निदान दोन महिने शेजारी चालू ठेवावं.

आणि जुनं विंडोज १० पुढेही लागणारच असेल, एखाद्या डोंगलसाठी किंवा पेजमेकरच्या फाइलसाठी, तर त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट काढून ठेवावं. ईमेल आणि बँकेचं काम दुसऱ्या, अपडेट मिळणाऱ्या यंत्रावर करावं. लिनक्स टाकलेला एखादा जुना लॅपटॉपही त्यासाठी पुरतो.

हा हिशोब केला की बऱ्याच कर सल्लागारांचं आणि आर्किटेक्टचं उत्तर विंडोज ११ येईल, बऱ्याच एडिटरचं मॅक किंवा विंडोज यांपैकी काहीही येईल आणि ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये आहे त्यांचं उत्तर लिनक्स येऊ शकेल. डीटीपीवाल्यांनी मात्र यंत्राच्या दुकानात जाण्याआधी जुन्या फाइलचं कपाट उघडावं. विंडोज ११ चा सपोर्टही कधीतरी संपणार आहे. फाइल मोकळ्या असतील तर तेव्हाचा निर्णय एवढा अवघड राहणार नाही.